वायरिंग हार्नेसच्या लाइनवर ई-लर्निंग : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

१० जून २०२४, सोमवार

प्रकल्पावर आज प्लँट हेडची सही झाली. काम असं: वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा कनेक्टरसकट बांधलेला जुडगा, बनवणाऱ्या विभागात नव्यानं येणाऱ्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा जेवढा भाग पडद्यावर नेता येईल तेवढा न्यायचा. आधी क्रिम्पिंग (वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवणं), मग इन्सर्शन (ते टर्मिनल कनेक्टरमध्ये बसवणं), मग टेपिंग आणि टेस्टिंग. टॅब्लेट आणि मायक्रोस्कोप कॅमेऱ्याचे पैसे मंजूर. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही असं मी मीटिंगमध्ये सांगितलं. मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर २००२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि आमच्या आयटीतल्या मुलानं कॉलेजात असताना ते हाताळलेलं आहे.

हे का हवं ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी विचारणारच. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे या पट्ट्यात गाडीचे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात गेलं तर वेल्ड शॉपमध्ये रोबो दिसतो. हार्नेस मात्र अजून हातानं होतो. वायर कापणं, सोलणं, टर्मिनल दाबणं मशीनवर होतं. पुढे बोर्डावर वायरी अंथरणं, कनेक्टरमध्ये टर्मिनल बसवणं, टेप गुंडाळणं, क्लिपा लावणं हे सगळं बोटांवर, आणि आमच्याकडे ही बोटं बहुतेक बायकांची आहेत. सोमवारी नवी बॅच येते. पहिला दिवस इंडक्शनचा: पीपीटी, ५एस (कामाची जागा नीट आणि स्वच्छ ठेवायची पद्धत), पीपीई (सुरक्षेची साधनं), आग लागली तर कुठे जमायचं. दुसऱ्या दिवशी लाइनवर जुन्या ताईच्या शेजारी उभं करायचं. ताईला सवड असेल तर मुलगी चांगली तयार होते. ताईवर त्या दिवशी टार्गेटचा ताण असेल तर मुलगी नुसती बघत राहते. कोण कसं शिकलं हे त्या दिवसाच्या डिस्पॅचवर अवलंबून असतं, आणि हेच मला बदलायचं आहे.

१४ जून, शुक्रवार

तयार मोड्यूल विकणारे आज डेमो देऊन गेले. इंग्रजी निवेदन, हेल्मेट घातलेला ॲनिमेशनचा माणूस, शेवटी दहा प्रश्न. क्रिम्प दाखवला तो चित्रात काढलेला, गुळगुळीत आणि चकचकीत. आमच्या मुलीला तांब्याच्या खऱ्या तारा बघायच्या आहेत, त्यातली एक टर्मिनलच्या पंखांबाहेर (तारांना आवळणाऱ्या पात्यांबाहेर) निसटलेली ओळखायची आहे. सगळ्यांसाठी बनवलेल्या मालात ते मिळणार नाही. नाही म्हणून कळवलं.

सांगाड्यासाठी मात्र बाहेरचं घ्यायचं. ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल २०११ मध्ये सियाम, ॲक्मा आणि फाडा या वाहन कंपन्या, सुटे भाग बनवणारे आणि विक्रेते यांच्या संघटनांच्या पुढाकारानं उभी राहिली. एकेका कामाला काय काय यायला हवं याची मांडणी त्यांच्याकडे आहे. विजेची मूलभूत माहिती आयटीआयसाठीच्या 'भारतस्किल्स'वर आहे. ती परत बनवण्यात वेळ घालवायचा नाही.

२२ जून, शनिवार

मशीनवर क्यूआर कोड लावायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, ही कल्पना आजच बाद. शॉप फ्लोअरवर मोबाइल बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कस्टमरची ड्रॉइंग्ज भिंतीवर असतात, आणि प्रेसजवळ फोन वाजला तर बोट जाऊ शकतं.

ठरलं ते असं. टॅब्लेट डोजोमध्ये, म्हणजे लाइनला लागून असलेल्या सरावाच्या खोलीत. एक फर्स्ट पीसच्या, म्हणजे काम सुरू करताना पहिला नग तपासायच्या टेबलाजवळ. ईमेलची भानगड नाही, कारण कंत्राटी मुलींपैकी बऱ्याच जणींना तो नाहीच. लॉगिन कर्मचारी क्रमांक आणि चार अंकी पिननं. कॉम्प्रेसर आणि प्रेसच्या आवाजात निवेदन ऐकू येत नाही, म्हणून डोजोत इअरफोन आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात ओळी. बोटांत रबरी टोप्या असल्या की आमच्या टॅब्लेटचा पडदा बोट ओळखत नाही. उत्तराची बटणं टेबलावर बसवलेल्या साध्या यूएसबी कीपॅडवर घ्यायची. आयटीतल्या मुलानं तो बाजूच्याच टेबलावरून काढून जोडून दाखवला, चालला.

२ जुलै, मंगळवार

आज शूटिंग होतं, पण लाइन अर्धी रिकामी. लाडकी बहीण योजनेचे अर्ज कालपासून सुरू झालेत. कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे, कुणी सेतू केंद्राच्या रांगेत. महिन्याला १५०० रुपये आहेत, जाणारच. शूटिंग पुढे ढकललं.

डोजोत शिकवणाऱ्या काकांबरोबर बसून टप्पे लिहिले. काका टेल्कोचे (आताच्या टाटा मोटर्सचे) जुने शिकाऊ. सुमंत मुळगावकरांच्या काळात पिंपरीत शिकाऊ कामगारांवर जी मेहनत घेतली गेली तिच्यातून तयार झालेली ही पिढी. ते कुठलंही काम चार पायऱ्यांत शिकवतात: शिकणाऱ्याला आधी मोकळं करायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घेताना 'का' तेही त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, मग एकटं सोडून अधूनमधून जाऊन बघायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतल्या नव्या कामगारांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालला, त्यातली ही पद्धत. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांत मुरली. काकांना मी विचारलं, यातलं पडद्याला काय जमेल? म्हणाले, "दुसरी पायरी निम्मी. बाकीचं माणसानंच करायचं." मला वाटतं पडद्याला थोडं जास्त जमेल. पण काम वाटून घ्यायला ही रेघ चांगली आहे.

९ जुलै, मंगळवार

आज दिवसभर लाल बिनमधलं, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या डब्यातलं, रिजेक्शन घेऊन मायक्रोस्कोपखाली बसले. फोटोंसाठी याहून चांगला खजिना नाही.

चांगला क्रिम्प कसा दिसतो ते आधी नोंदवते, निवेदनातही हेच शब्द घ्यायचे. पुढच्या टोकाला तांब्याच्या तारा किंचित बाहेर आलेल्या, तो ब्रश. मग तारांना आवळून धरणारे दोन पंख. त्या पंखांची मागची कडा जराशी फाकलेली, ते बेलमाउथ. ते नसेल तर पंखाची धार तारांवर बसते आणि गाडीच्या कंपनानं तारा एकेक करून तुटतात. त्यामागे छोटी खिडकी, तिच्यात पुढून तांबं आणि मागून इन्सुलेशनची कड, दोन्ही दिसायला हवं. शेवटी इन्सुलेशनला पकडणारे पंख. एवढं सगळं नखावर मावेल एवढ्या पितळी तुकड्यात.

बिनमध्ये सगळे प्रकार सापडले. बाहेर निसटलेली तार. सोलताना ब्लेड लागून निम्म्या कापलेल्या तारा. आणि सगळ्यात फसवा प्रकार: इन्सुलेशन पुढे सरकून तांब्याच्या पंखात दाबलेलं. वरून हा तुकडा घट्ट, नीटनेटका दिसतो. ओढून बघितला तर सुटतही नाही. पण पंखाखाली तांब्याऐवजी प्लॅस्टिक आहे, वीज जायला जागाच कमी. गाडी कारखान्यातून चालू होऊन बाहेर पडते आणि पुढे कधीतरी पावसात बंद पडते. नव्या मुलीला हा तुकडा ओळखता आला की पाव काम झालं असं मी समजेन.

१६ जुलै, मंगळवार

आजची नोंद लांबणार आहे.

चाचणीचं स्वरूप ठरलं होतं: फोटो दाखवायचा, ठीक की नाकारायचा ते विचारायचं, मग कारण निवडायला लावायचं. बरोबर उत्तरं कोणती हे पक्कं करायला फोटोंचा संच आमच्या इन्स्पेक्टरना दिला. जुनी, हुशार माणसं, डोळे मिटून सांगतील असं सगळ्यांना वाटतं. प्रत्येकाला वेगळं बसवलं, आणि काही दिवसांनी तेच फोटो क्रम बदलून परत दिले. मोजमापाच्या पद्धती तपासताना आपण गेज तपासतो, तसे डोळे तपासले.

तार बाहेर, वाकलेलं टर्मिनल, तुटलेल्या तारा यांवर सगळ्यांचं एकमत. बेलमाउथ 'थोडं कमी' असलेल्या फोटोंवर मात्र तट पडले. खिडकीत इन्सुलेशनची कड अगदी पंखाला टेकलेली असेल तर पहिल्या पाळीचे इन्स्पेक्टर सोडतात, दुसऱ्या पाळीचे अडवतात. दोन फोटोंवर एकाच माणसानं दोन वेळा दोन उत्तरं दिली. म्हणजे आजवर मुलींना लाइनवर जे ऐकू येत होतं, "काल चाललं, आज का नाही?", त्यात मुलींचं काही चुकत नव्हतं.

क्वालिटीच्या सरांनी हे मनावर घेतलं याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं, टर्मिनल बनवणाऱ्या कंपनीचं स्पेसिफिकेशन आणि हार्नेससाठीचं आयपीसी-ए-६२० मानक पुढे ठेवलं. वादातले तुकडे आडवे कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघितले. कापलेला क्रिम्प बघितला की वाद उरत नाही: सगळ्या तारा दाबून एकजीव झालेल्या असतात, नाहीतर मधे काळी पोकळी दिसते. बेलमाउथसारख्या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींसाठी सीमेवरचे नमुने ठरवले. इथपर्यंत चालेल, इथून पुढे नाही. त्यांवर सगळ्यांच्या सह्या. हे नमुने आता दोन्ही पाळ्यांच्या टेबलावर आणि मोड्यूलमध्ये सारखेच राहणार.

पडद्यावर अजून काहीही चढलेलं नाही, तरी प्रकल्पानं आपला खर्च मला आजच भरून दिला. शिकवण्याआधी शिकवणाऱ्यांचं एकमत व्हावं लागतं, आणि फोटो समोर असल्याशिवाय मतभेद आहेत हेच कळत नाही.

२७ जुलै, शनिवार

निवेदन क्रिम्पिंगच्या लीडर ताईंच्या आवाजात रेकॉर्ड केलं. त्या पुस्तकी मराठी वाचेनात, आणि ते उत्तमच झालं. "बाई, खिडकीत बघ आधी" असं त्या लाइनवर म्हणतात तसंच ठेवलं. हिंदी निवेदन स्टोअरमधल्या गोरखपूरच्या भाऊंनी केलं. कॅन्टीनशेजारच्या ट्रेनिंग रूमचा एसी बंद करून, दारं लावून, घामाघूम होऊन. प्रत्येक व्हिडिओ चार मिनिटांच्या आत. त्याहून लांब झाला की दोन करायचे.

५ ऑगस्ट, सोमवार

आज एचआरबरोबर बैठक. सूचना अशी आली: लिंक व्हॉट्सॲपवर टाकू, मुली घरी गेल्यावर बघतील, म्हणजे लाइनचा वेळ जाणार नाही. मी याला ठाम विरोध केला. कारणं मिनिट्समध्ये गेली आहेत, इथेही लिहिते.

पहिल्या पाळीची बस राजगुरुनगरहून पहाटे निघते. मुलगी घरी पोचते ती संध्याकाळच्या तोंडावर, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तर त्याच्याही नंतर. पुढे स्वयंपाक, धुणं, मुलांचा अभ्यास. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींच्या खोलीत पाच-सहा जणी, एक दिवा, एक पंखा. घरातला एकच फोन, त्याचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला. अशा वेळी ती व्हिडिओ चालू करून फोन उपडा ठेवेल, आमच्याकडे 'पूर्ण केले' असा हिरवा टिळा येईल, आणि आपण त्यावर विश्वास ठेवून तिला प्रेसवर बसवू. जे काम कंपनीचं, त्याचं शिक्षण कंपनीच्या वेळेत, पगारी वेळेत.

प्लँट हेडनी मिनिटांचा हिशेब मागितला. तो मी बरोबर नेला होता. कस्टमरकडून एक तक्रार आली की काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे: तिथल्या लाइनवर आमची माणसं जाऊन एकेक हार्नेस उघडून तपासतात, इथला साठा अडकतो, दोन पाळ्या सेग्रिगेशनमध्ये, म्हणजे चांगला-खराब माल वेगळा करण्यात, जातात. त्यापुढे नव्या मुलीची पहिल्या आठवड्यातली रोजची चाळीस मिनिटं काहीच नाहीत. मंजूर झालं. पहिला आठवडा रोज चाळीस मिनिटं, मग पाळी सुरू होतानाच्या मीटिंगमध्ये आठवड्याला एक फोटो, एक प्रश्न.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली बॅच डोजोतून लाइनवर गेली.

प्रश्न परत परत विचारण्याचे दिवस वाढत्या अंतरानं ठेवले आहेत: दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं हे हरमान एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. आमच्या इंडक्शनची पीपीटी एकाच दिवसात सगळं सांगून मोकळी होते.

बॅचमधली परभणीकडची एक मुलगी फोटोच्या चाचणीत सावकाश होती. दरवेळी वेळ संपत आली की उत्तर द्यायची. मी वेळेची मर्यादाच काढून टाकली, तिचा उपयोग काय ते मलाही सांगता येईना. आज ती बेंच प्रेसवर बसली आणि थोड्या वेळात तिनं पायडलवरून पाय काढून लीडर ताईंना हाक मारली. "ताई, खिडकीत नुसतं तांबंच दिसतंय." तुकडा घेऊन भिंगाखाली धरला. खरंच, इन्सुलेशनची कड मागच्या पंखातच राहिली होती. सोलण्याच्या मशीनचा स्टॉपर कंपनानं हलला होता, वायर जास्त सोलली जात होती. फर्स्ट पीस ठीक निघालेला, लास्ट पीसची वेळ अजून लांब. तिनं थांबवलं नसतं तर सगळा गठ्ठा तसाच पुढे गेला असता. ताईंनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि हा तुकडा मी फोटोंच्या संचात घातला.

नवीन मुलगी पहिल्याच दिवशी प्रेस थांबवते ही गोष्ट मी या विभागात पूर्वी बघितलेली नाही. हात अजून तिचा संथ आहे, तो महिन्याभरात येईल. डोळा आधी आला.

४ सप्टेंबर, बुधवार

इन्सर्शन. इथे पडदा तोकडा पडतो.

टर्मिनल कनेक्टरमध्ये ढकलायचं, 'टक' झालं की हलकेच मागे ओढून बघायचं. ढकल, टक, ओढ. लाइनच्या आवाजात तो टक कानाला ऐकू येत नाही, बोटाच्या पेराला जाणवतो. अर्धवट बसलेलं टर्मिनल टेस्टिंग बोर्डावर पासही होतं, कारण तिथे पिन टेकते. मग गाडी जोडताना समोरचा कनेक्टर घुसला की ते मागे सरकतं. हे व्हिडिओत कितीही जवळून दाखवलं तरी बोटाला काही कळत नाही.

म्हणून मोड्यूल दोन मिनिटांपेक्षा कमी केलं. त्यात एकच गोष्ट दाखवली, जी एरवी कुणालाच दिसत नाही: कनेक्टर उभा कापून आतलं छोटं जिभेसारखं लॉक टर्मिनलमागे कसं अडकतं ते. तेवढं डोक्यात बसलं की बाकीचं काकांच्या खोक्यात. काकांनी पुठ्ठ्याचं खोकं केलंय, दोन बाजूंना हात घालायला भोकं. आत कनेक्टर, काहींत टर्मिनल पूर्ण बसलेलं, काहींत अर्धं. न बघता, नुसतं ओढून सांगायचं. मुली गौरी-गणपतीच्या खरेदीबद्दल बोलत बोलत हे करत होत्या आणि उत्तरं बरोबर येत होती.

२० सप्टेंबर, शुक्रवार

रात्रपाळी बघायला थांबले.

रात्री आमच्याकडे मुलंच असतात: बीड, लातूर, उत्तर प्रदेश, झारखंड. प्रशिक्षण विभाग संध्याकाळी घरी जातो. रात्री लागलेल्या मुलाला आजवर जो भेटेल त्यानं जे सांगितलं तेच शिक्षण. ई-लर्निंगचा खरा हक्कदार हा मुलगा आहे असं मला आज वाटलं. दिवसाच्या बॅचला काका आहेत, ताई आहेत, मी आहे. याला कुणी नाही. आता रात्रीचा लाइन इनचार्ज डोजोचं कुलूप उघडतो, मुलगा तेच फोटो बघतो, तोच सीमेवरचा नमुना हातात धरतो.

दोन मुलांना वाचायला अवघड जात होतं. त्यांनी सांगितलं नाही, कर्सर कुठे थांबतो त्यावरून कळलं. प्रत्येक प्रश्नाला आवाजाचं बटण द्यायचं, उत्तरांच्या पर्यायांनाही. हे सोमवारपर्यंत व्हायलाच हवं. चाचणी क्रिम्पची आहे, वाचनाची नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याची पूजा आजच उरकली. क्रिम्पिंग प्रेस पुसून, झेंडूच्या माळा घालून तयार. ताईंनी डोजोतल्या टॅब्लेटलाही हळदीकुंकू लावलं. पडद्यावरचं पुसून घेतलं, बाकीचं राहू दिलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

इलेक्ट्रिक तीनचाकीच्या हार्नेसची नवी लाइन पुढच्या महिन्यात. यातल्या जाड केबल नारिंगी आहेत. ६० व्होल्ट डीसीच्या वरचं सर्किट माणसाला धोक्याचं धरतात, नारिंगी रंग त्याची खूण. २०२२ मध्ये देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. त्यानंतर दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ मानकात सुरक्षेच्या जादा अटी आल्या आणि त्या १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. बॅटरी आमची नाही. पण बॅटरीपासून मोटरपर्यंत जाणारा प्रवाह आमच्या लगमधून, म्हणजे केबलच्या टोकाला दाबलेल्या जाड टर्मिनलमधून, जातो.

सैल लगचं काय होतं हे मुलींना कसं सांगायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी सरळ गणित दाखवायचं ठरलं. प्रवाह ५० अँपिअर धरा. चांगल्या क्रिम्पचा रोध अर्धा मिलिओम असेल तर तिथे सव्वा वॅट उष्णता तयार होते, हाताला जाणवणारही नाही. क्रिम्प सैल होऊन रोध दहा मिलिओम झाला तर तीच उष्णता २५ वॅट. रीवर्कच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. ते रोज हाताळणाऱ्या ताईंना पुढचं काही सांगावं लागलं नाही. "म्हणजे गाडीत चालू आयर्न ठेवून पाठवल्यासारखं," असं त्यांच्यातलीच एक म्हणाली, आणि ते वाक्य तसंच निवेदनात घेतलं.

मुद्दाम सैल दाबलेल्या लगमधून प्रवाह सोडून थर्मल कॅमेऱ्यानं शूट केलं, टेस्ट लॅबमध्ये, लॅबच्या माणसाच्या देखरेखीत. पडद्यावर लग निळ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा पांढरा होत जातो. हे लाइनवर करून दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. अशा गोष्टींसाठी व्हिडिओला तोड नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर दरवर्षीसारखीच गळती. काही जणी गावी राहिल्या, काही घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेल्या, काहींना शेजारच्या कंपनीत थोडे जास्त मिळाले. त्यामुळे आजची नवी बॅच मोठी. पूर्वी या आठवड्यात इंडक्शन अर्ध्या दिवसात उरकायचं आणि लाइन भरायची, मग डिसेंबरभर त्याचे परिणाम निस्तरायचे. यंदाही दबाव आला. प्लँट हेडनी स्वतः सांगितलं की चाळीस मिनिटांना हात लावायचा नाही. टॅब्लेट कमी पडले, म्हणून दोघी-दोघींना एकावर बसवलं. त्या उत्तरावर आपसात वाद घालतात, आणि वाद घालून दिलेलं उत्तर जास्त पक्कं राहतं असं दिसतंय. टॅब्लेट आले तरी क्रिम्पच्या चाचणीत जोडी ठेवून बघायची.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या विधानसभेच्या मतदानाची सुट्टी, आज ऑडिट. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातलं ७.२.२ हे कलम प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचं. त्यात कंत्राटी माणसंही येतात, आणि काम चुकलं तर कस्टमरवर काय परिणाम होतो हे त्या माणसाला माहीत असायला हवं असं त्यात म्हटलंय. ऑडिटरनी आमची फाइल वरवर चाळली आणि थेट लाइनवर जाऊन टेस्टिंगच्या अलीकडच्या स्टेशनवरच्या मुलीला विचारलं, हे अर्धवट बसलं तर काय होईल? तिनं कापलेल्या कनेक्टरचं चित्र हातांनी करून दाखवलं, ते लॉक, ते मागे सरकणं, सगळं. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात बंद पडंल, सर."

एचआरला महिन्याच्या रिपोर्टमध्ये किती टक्के पूर्ण झालं तेवढंच हवं असतं. मी खाली आणखी ओळी घालते आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, परिणाम झाला का. पूर्ण झाल्याची टक्केवारी पहिल्या पायरीवरही बसत नाही. आमच्याकडे तिसरीसाठी लीडर ताईंची आठवड्याची नोंद आहे आणि चौथीसाठी लाल बिन. क्रिम्पचे दोष बिनमध्ये स्पष्ट कमी झालेत. इन्सर्शनमध्ये फरक आहे, पण तो काकांच्या खोक्याचा की मोड्यूलचा हे वेगळं काढता येत नाही, आणि तसं रिपोर्टमध्ये लिहिलं आहे. टेपिंगमध्ये काहीच फरक नाही. टेपिंग हातावरच आहे, त्याचा व्हिडिओ मी काढून टाकणार आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

एका मॉडेलचं टर्मिनल कस्टमरनं बदललं. ड्रॉइंग बदललं, कंट्रोल प्लॅन बदलला, वर्क इन्स्ट्रक्शन बदललं, मोड्यूलमध्ये जुनाच फोटो. लीडर ताईंनी पकडलं आणि त्याच दिवशी टॅब्लेटवरून तो धडा बंद केला. इंजिनिअरिंग बदलाच्या चेकलिस्टमध्ये आजपासून एक ओळ जादा: मोड्यूल बदललं का, कुणी तपासलं, सही. फोटो बदलायचे अधिकार लीडर ताईंना दिले. त्यांना ते करता येतं, एका दुपारीत शिकल्या.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कंत्राट संपलं की मुलगी पुढच्या कंपनीत जाते. तिथे तिच्या हातात दाखवायला काही नसतं, आणि ती पुन्हा नवी म्हणून सगळ्यात खालच्या पगारावर लागते. तिला क्रिम्प ओळखता येतो हे आमच्या सर्व्हरवर आहे आणि भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्समधल्या (कुणाला काय येतं त्या तक्त्यातल्या) भरलेल्या गोलावर आहे, तिच्याजवळ नाही. एचआरला लेखी मागणी केली होती: काय काय येतं याची यादी, चाचणीची तारीख, क्वालिटीची सही, असा कागद प्रत्येकीच्या हातात द्यायचा, कायम असो वा कंत्राटी. कंत्राटदाराचा आक्षेप होता की मुली कागद घेऊन निघून जातील. कागद नसतानाही त्या जातातच, असं मी उत्तर दिलं.

आज होकार आला. नमुना मराठीत आणि हिंदीत करून पाठवला आहे. जानेवारीच्या बॅचपासून सुरू करायचं, आणि ऑगस्टपासून शिकून गेलेल्यांचे पत्ते कंत्राटदाराकडून मागवायचे, त्यांचेही कागद निघायला हवेत. टेस्टिंगच्या मोड्यूलचं शूटिंग शनिवारी.